तिथीची पाऊणपट

देवबागेत आमच्या घरात
एका दाराने समुद्र येतो, दुसऱ्या दाराने खाडी.
मधल्या खोलीत माझा कॉम्प्युटर
कुशीवर निजवलेला, झाकण काढून,
दमेकऱ्याला ओटीवर आणून निजवतात तसा.

इथे लोखंड टिकत नाही.
खाऱ्या वाऱ्याने मदरबोर्ड कळकला,
पितळी भांड्यात विसरलेल्या ताकासारखा.
जुन्या टूथब्रशने स्पिरिट लावून
चिपचा एकेक पाय घासला.
रॅम काढली, खोडरबराने पुसली,
फुंकर घातली, परत बसवली.
फुंकरीने काही होत नाही, मला माहीत आहे.
तरी घातली.

पॉवर सप्लायमध्ये पालीची दोन अंडी निघाली.
ऊब असते तिथे.
पुण्याच्या ऑफिसात असं काही निघालं असतं
तर आधी तक्रार नोंदवा, मग तीन सह्या, मग सोमवार.
इथे चमच्याने उचलून करवंटीत ठेवली
आणि पंखा उलटा बसवला.

मग गेम.
सोळा रंग, एक होडी, एक उतारू, काळोख.
देवबागेहून त्याला पलीकडे भोगव्याला सोडायचं.
शत्रू नाहीत. गुण नाहीत.
उतारू वाटेत एकदाच बोलतो,
काय बोलतो ते पाण्यावर अवलंबून.
"मग जिंकायचं कसं?" आतेभाऊ विचारतो.
पोचायचं.
"आणि पैसे?"
वर बघ, म्हटलं, नारळाखाली बसलायस.

भरतीसाठी मी एकशे चाळीस ओळी लिहिल्या होत्या,
चंद्र, सूर्य, कोन, साइन, कोसाइन,
आणि तरी त्या दुपारी तीन वाजता
खिडकीत खाडी तुडुंब
आणि स्क्रीनवर चिखल.

तेवढ्यात बावतीस आला, फोन चार्जिंगला लावायला.
त्याच्या तरीला उतारू मिळेनात तेव्हापासून
तो पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो,
नसले तर शपथेवर दाखवतो.
स्क्रीनकडे बघून म्हणाला,
"ह्यां काय गो?"
खाडी.
"मगे सुकती कित्याक? आज चवथ मां?
तिथीची पाऊणपट कर, तितके वाजले की भरती.
माज्या आजाक लिवूक येय नाय,
पण ह्यां येय."

चार गुणिले तीन, भागिले चार.
एकशे चाळीस ओळी खोडल्या. एक उरली.
तिच्यावर टीप लिहिली: बावतीसच्या आजाकडून.
दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात.
होऊ देत. माणसं
एवढा वेळ तर चप्पल हातात घ्यायला लावतात.

गेम बाहेर सोडून दोन महिने झाले.
एकतीस जणांनी उतरवून घेतला.
त्यातल्या एकाने, कुठला कोण,
होडी मध्यावर आणली आणि वल्हं सोडलं.
चाळीस मिनिटं. नोंद आहे माझ्याकडे.
वीज गेली असेल त्याची.
किंवा दारात कुणी आलं असेल, किंवा झोप लागली असेल.
पण त्या चाळीस मिनिटांत
माझी भरती पुरी झाली होती, आणि पाणी
ना आत ना बाहेर, नुसतं उभं होतं,
आणि अशा पाण्यात उतारू काय बोलतो
ते मी लिहिलंच नव्हतं.
कुणी थांबेल असं वाटलं नव्हतं.

आज ते वाक्य लिहायला बसले आहे.
अकरा वाक्यं लिहून झाली, अकराही शहाणी.
संध्याकाळी बावतीसला विचारलं,
पाणी उभं असताना माणसं काय बोलतात?
"कायेक नाय," म्हणाला. "हात घालून बसतत पाण्यात."

पंखा उलटा फिरतोय.
करवंटीतलं एक अंडं रिकामं झालंय,
आणि मॉनिटरच्या काचेवर नखाएवढी पाल,
अजून आरपार दिसणारी.
कर्सर लुकलुकतो.
दर वेळी ती एक पाऊल पुढे टाकते.